शर्यतीच्या मोटरची डायनॅमोमीटर चाचणी

शर्यतीच्या मोटरची डायनॅमोमीटर चाचणी म्हणजे रेडिओ-नियंत्रित मोटारगाड्यांच्या शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या लहान विद्युत मोटरचा वेग, टॉर्क (आघूर्ण), शक्ती, विद्युतप्रवाह व कार्यक्षमता मोजून आलेखावर मांडण्याची पद्धत होय. १:१० प्रमाणातील विद्युत गाड्यांत सामान्यतः '५४०' आकाराची मोटर असते. 'स्टॉक' गटात वेटोळ्यांची संख्या नियमाने ठरलेली असते. पूर्वी ब्रश असलेली २७ वेढ्यांची मोटर प्रचलित होती, पुढे १७.५ वा १३.५ वेढ्यांच्या ब्रशविरहित मोटरी आल्या. नियम एक असला तरी एकाच बनावटीच्या दोन मोटरी तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक उघड करणे हाच चाचणीचा मुख्य हेतू असतो.

== मापन ==
प्रचलित उपकरणात मोटरच्या आसाला ज्ञात जडत्व-आघूर्णाचे फ्लायव्हील जोडतात. मोटर स्थिर अवस्थेतून पूर्ण वेगापर्यंत जाताना क्षणोक्षणी वेग नोंदवला जातो. कोनीय त्वरणास जडत्व-आघूर्णाने गुणले की टॉर्क मिळतो आणि टॉर्कला कोनीय वेगाने गुणले की शक्ती. म्हणजे एका धावेतच संपूर्ण आलेख हाती येतो.

== आलेखाचे वाचन ==
स्थिर विद्युतदाबावर टॉर्कची रेषा वेगाबरोबर जवळजवळ सरळ उतरत जाते. शक्तीचा वक्र अन्वस्ताकार असून त्याचा शिखरबिंदू निर्भार वेगाच्या सुमारे निम्म्यावर येतो. उदाहरणार्थ, निर्भार वेग मिनिटाला २०,००० फेरे आणि स्तब्ध टॉर्क ०.२ न्यूटन-मीटर धरल्यास कमाल शक्ती सुमारे १०५ वॅट भरते.

नवख्या स्पर्धकाची नजर या शिखरावरच खिळते, आणि तेथेच फसगत होते. शिखराशी मोटरचा विरोधी विद्युतदाब पुरवठ्याच्या निम्माच असल्याने घेतलेल्या विद्युतशक्तीचा निम्मा भाग उष्णतेत जातो. कमाल कार्यक्षमता याहून बऱ्याच अधिक वेगावर आढळते. त्यामुळे दातेचक्रांचे गुणोत्तर या दोहोंचा मेळ घालून निवडावे लागते: वळणावळणाच्या छोट्या मार्गावर खालच्या वेगातील टॉर्क उपयोगी पडतो, तर लांब सरळ पट्ट्यावर वरचा वेग.

टायमिंग पुढे सरकवल्यास निर्भार वेग वाढतो. प्रवाह व तापमानही वाढतात. वाढीव आकड्याच्या मोहाने अनेक मोटरी शर्यतीच्या अर्ध्यावर तापून मंदावतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, हे त्यामागचे एक कारण. चुंबकेही तापल्यावर क्षीण होतात.

== मर्यादा ==
कमाल शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ५ व्होल्टवरील नोंदी ७.४ व्होल्टवरील नोंदींशी थेट ताडून पाहता येत नाहीत. बॅटरीने चाचणी घेतल्यास भाराखाली दाब घसरतो व वक्र विकृत होतो. त्यासाठी नियंत्रित पुरवठा वापरणे इष्ट. ब्रश असलेल्या मोटरीत घासलेला कम्युटेटर आणि नीट न बसलेले ब्रश निकाल बिघडवतात. म्हणून तुलना करताना दोन्ही मोटरी समान तापमानाला आणून, प्रत्येकीच्या किमान काही धावा घेऊनच निष्कर्ष काढतात.