भात्याचा कॅमेरा

उत्रोली भोरला इतकी लागून आहे की आमच्याकडं 'गावात जाऊन येतो' म्हटलं की भोरलाच जायचं असतं. दवाखाना भोरला, बाजार भोरला, आणि फोटो काढायचा तर तोही भोरला. त्यामुळं आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, भोरच्या एका बंद पडत चाललेल्या स्टुडिओतून लाकडी कॅमेरा विकत आणला तेव्हा घरात कुणाला तो का आणला ते कळलं नाही. रोलचे कॅमेरे येऊन बराच काळ लोटला होता. आजी म्हणाली, "ह्या पेटीत दाणं तरी राहत्यात का?" तात्यांनी तिला उत्तर दिलं नाही. ते हिशेबी माणूस. बैल घेताना दात मोजणारे. पण ही पेटी त्यांनी दात न मोजता आणली होती.

सागवानी पेटी, पितळी पट्ट्या, मधे लोहाराच्या भात्यासारखा कातडी भाता. गावानं तिला 'भात्याचा कॅमेरा' हेच नाव दिलं आणि मला ते इंग्रजी नावापेक्षा बरं वाटतं. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, फक्त शटरवर 'थॉर्नटन-पिकार्ड' एवढं वाचता यायचं. हे शटर म्हणजे एका लहान लाकडी चौकटीत स्प्रिंगवर गुंडाळलेला काळा पडदा. दोरी ओढली की पडदा लेन्सवरून सरकतो. विलायतेत असे कॅमेरे मुद्दाम आपल्या हवेसाठी सागाचे करत. पावसाळ्यात सरस सुटतो म्हणून सांधे स्क्रूनं आणि पितळेनं आवळत. सँडर्सन नावाचा केंब्रिजचा एक लाकूडकाम करणारा कारागीर होता, त्यानं १८९५ मध्ये कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटीच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि त्याच्या नावाचे सागवानी कॅमेरे इकडच्या मुलखात नावाजले गेले. सुतारानं कॅमेरा सुधारला ही गोष्ट आमच्या गावच्या सुतारकाकांना मी सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मग? कॅमेरा म्हंजी काय, खिडकीच की."

खिडकीच. मागं एक खरबरीत काच, तिच्यावर डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं. समोरचं सगळं त्या काचेवर उलटं दिसतं: खाली आभाळ, वर जमीन, डावीकडचा माणूस उजवीकडं. लहानपणी मी पहिल्यांदा पाहिलं तर आमची म्हैस पाय वर करून रवंथ करत होती. मला ते इतकं आवडलं की तात्यांना कापड ओढून मला बाहेर काढावं लागलं.

आता हे यंत्र आपल्याकडं आलं कसं, ते थोडं सांगितलं पाहिजे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि त्यानंतर लौकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले नामांकित फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले आणि त्यांनी मुंबईत धंदा थाटला. म्हणजे ही कला साहेबाच्या हातातून आपल्या माणसाच्या हातात यायला फारसा वेळ लागला नाही. खेड्यात यायला मात्र लागला. त्या काळी काच ओल्या रसायनाची असे. जागच्या जागी लेप द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचाही. म्हणजे फोटोग्राफरबरोबर तंबू, बाटल्या आणि बैलगाडी आली. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती काढली, पुढं त्या काचा कारखान्यात बनून डब्यात मिळू लागल्या, आणि मगच एकटा माणूस तिकाटणं खांद्यावर टाकून घाटवाटेनं हिंडू लागला.

लोक भीत असत. फोटोनं आयुष्य कमी होतं हा समज उत्रोलीतच नव्हता. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनाही ह्याच समजुतीनं गिऱ्हाईक मिळेना असं सांगतात. प्लेगनं त्यांची बायको आणि मूल नेलं. आमच्या आजीनं आयुष्यात एकच फोटो काढून घेतला, तोही आजोबा गेल्यावर. तिचं म्हणणं साधं होतं, "आता कशाचं आयुष्य कमी व्हायचंय?"

भोर हे पंत सचिवांचं संस्थान. ८ मार्च १९४८ ला ते विलीन झालं. संस्थान म्हणजे दरबार, शाळा, कचेरी, आणि ह्या प्रत्येकाचा ग्रूप फोटो. खुर्च्यांची एक ओळ, मागं उभी एक ओळ, पुढं सतरंजीवर मांडी घातलेली पोरं. स्टुडिओचा चरितार्थ त्यावर चाले. खेड्यातलं गिऱ्हाईक लग्नसराईपुरतं. तात्यांनी त्या स्टुडिओत चार वर्षं उमेदवारी केली होती. ते सांगत, टोपण काढलं की मनात 'एक रुपया, दोन रुपये' असं म्हणत मोजायचं, कारण नुसतं 'एक दोन' घाईत होतं. त्यांची खरी हातोटी पेन्सिलीची. निगेटिव्हवर वार्निश लावून टोकदार पेन्सिलीनं चेहरा सारखा करायचा. त्या पिढीत देवी येऊन गेलेली माणसं पुष्कळ. तात्या व्रण बुजवत. एका बाईनं म्हणे फोटो परत आणून दिला होता, "हा माझा नव्हं," म्हणून.

जुन्या काचेची आणखी एक खोड होती. तिला निळा रंग दिसे, तांबडा दिसत नसे. त्यामुळं निळं आभाळ पांढरं सपाट येई आणि कुंकू, तांबडं पागोटं, झेंडूची फुलं सगळं काळं. आपल्या घरातले जुने फोटो पाहा. पणजोबांचं पागोटं काळं दिसतं म्हणून ते काळं होतं असं धरू नका.

तात्या गेल्यावर पेटी माझ्याकडं आली. भात्याला उंदरांनी वाट काढली होती आणि काचा मिळणं केव्हाच बंद झालं होतं. मी नोकरीतून मोकळा झालो आणि नाद लागला. रात्री भात्यात पेटती बॅटरी सोडली तर आमच्या ओसरीत चांदण्या पडल्या; मोजल्या तर सत्तावीस भोकं. पेटीवाल्यानं, म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यानं, आतून काळं कापड आणि घड्यांवर पातळ कातडं लावून दिलं. भाता तो भाताच, त्याच्या दृष्टीनं सूर तेवढा नव्हता. मागची खरबरीत काच फुटली होती. गॅरेजातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, दोन काचांच्या मधे पाणी घालून तासभर घासली. जात्यावर बसल्यासारखे खांदे दुखले, पण काच दुधासारखी झाली.

लेन्स जुनीच, 'रॅपिड रेक्टिलिनिअर' जातीची. १८६६ मध्ये लंडनच्या डॉलमायरनं ही जात काढली, आणि त्याच साली जर्मनीत स्टाइनहाइलनंही अगदी तशीच. पुढं दोन काचा, मागं दोन काचा, मधे छिद्र. पुढचा अर्धा भाग फिरवून काढून ठेवला तर मागचा अर्धा एकटा जवळजवळ दुप्पट लांबीची लेन्स होतो. भाता तेवढा ताणला गेला पाहिजे. ह्या लेन्सवरचे आकडे फसवे असतात. जुन्या इंग्रजी पद्धतीत ४ म्हणजे आजचा ८, ८ म्हणजे आजचा ११. १६ तेवढा दोन्हीकडं सारखा. ज्याला हे ठाऊक नाही त्याची फिल्म हिशेब चुकून वाया जाते.

दुसरी लेन्स पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, छापखान्याच्या भंगारातली. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागल्यावर छापखान्यांतले खोलीएवढे कॅमेरे भंगारात गेले. ह्या छापखानी कॅमेऱ्यांना आपल्याकडं मोठी परंपरा आहे. पुण्याचा सरकारी 'फोटोझिंको' छापखाना जुन्या तलाठ्यांना तोंडपाठ. हातानं काढलेल्या नकाशाचा मोठ्या काचेवर फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि छापायचा. ज्या गावांत माणसाचा एकही फोटो नव्हता, त्या गावांच्या बांधांचे आणि ओढ्यांचे फोटो असे आधीच निघून गेले होते. सरकारला तोंडापेक्षा बांध महत्त्वाचा. ती लेन्स बसवायला सुतारकाकांनी फणसाच्या फळीची पाटी कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

फिल्म म्हणून मी एक्स-रेची फिल्म वापरतो. स्वस्त पडते, लाल दिव्यात कापता येते, आणि तिलाही तांबडा रंग दिसत नाही. दोन्ही बाजूंना लेप असल्यानं ओरखडे फार पडतात, म्हणून ट्रेच्या तळाशी साधी काच ठेवून धुवायची. शिवाय जुना होल्डर जाड काचेच्या मापाचा. पातळ फिल्म नुसती टाकली तर मागं सरकते आणि फोकस जातो. म्हणून तिच्या पाठीमागं तेवढ्या जाडीची काच द्यावी लागते.

कॅमेऱ्याबरोबर तात्यांनी काचांचा एक डबा आणला होता. अकरा निगेटिव्ह. स्टुडिओ मोडला तेव्हा बाकीच्या शेकडो काचा गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन फोटोफ्रेमला विकल्या गेल्या. असं गावोगाव झालं. कुणाच्या आजोबांचा चेहरा खरवडून ती काच कुणाच्या देवाच्या तसबिरीवर बसली असेल. हे त्या वेळच्या माणसांना वावगं वाटलं नाही, कारण काचेला किंमत होती. मला मात्र अजून त्याचा राग येतो.

अकरातल्या एका काचेच्या पाकिटावर मोडीत दोनच शब्द होते: 'धरणाकडील मंडळी'. दगडी पायऱ्यांचं घर, पुढं चार बाया, दोन पुरुष, एक पोर हललेलं. भाटघरचं मोठं धरण १९२७-२८ च्या सुमारास पुरं झालं आणि वेळवंडी नदीच्या खोऱ्यातली गावं, शेतं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ अजून वर येतं. घरं कुठून येणार?

२००६ च्या उन्हाळ्यात त्या काचेचा प्रिंट घेऊन मी हिंडलो. महाडच्या रस्त्याला लेकीच्या घरी राहणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी भेटल्या. त्या खोऱ्यातून आठ वर्षांच्या असताना निघालेल्या. माणसांकडं त्यांनी आधी पाहिलंच नाही. पायरीवर बोट ठेवलं. "ही फुटकी. हितं मी पडले व्हते." मग कडेच्या बाईकडं पाहून म्हणाल्या, "ही माझी आज्जी. पर काळं लुगडं तिनं कधी न्हाई नेसलं."

पुढच्या आठवड्यात पेटी घेऊन गेलो आणि ओसरीत त्यांचाच फोटो काढला. चार सेकंद. "हलू नका" म्हटलं तर म्हणाल्या, "ह्या वयात कुठं हलतीय?" आणि तिसऱ्या सेकंदाला सुनेला चहाचं सांगितलं. ओठ तेवढे पुसट आलेत. प्रिंट नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो खिडकीपाशी धरला.

"माझं लाल लुगडं काळं का रं केलंस?"

मी फिल्मचं सांगितलं. त्यांनी जुना फोटो मागितला, दोन्ही शेजारी धरले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"मग आज्जीचं बी लालच व्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

उरलेल्या दहा काचांतली माणसं अजून कुणी ओळखलेली नाहीत. त्यांचे प्रिंट उत्रोलीत माझ्या ओसरीवर लावलेत. भोर-वेल्ह्याकडचं कुणी आलं तर बघून जावं.