रावसाहेब : किताबाचे नाव होते तेव्हा

१९९९ ते २०२४ या काळात जालन्याचे खासदार राहिलेले रावसाहेब दादाराव दानवे यांचे नाव इंग्रज अमदानीतल्या कारकुनाने वाचले असते, तर गृहस्थांना सरकारी किताब मिळाला आहे असेच त्याने धरले असते. ‘रावसाहेब’ हा तेव्हा ‘रावबहादूर’च्या एक पायरी खालचा किताब होता, उत्तरेत त्याच दर्जाचा ‘रायसाहेब’, मुसलमानांसाठी ‘खानसाहेब’. आज जालना-भोकरदनकडे ते बारशात ठेवलेले नाव असते. याला किताबाची घसरण म्हणणे मला चुकीचे वाटते. मान देण्याचा हक्क इथे सरकारकडून घराकडे परत आला. इंग्लंडात ‘एस्क्वायर’चे असे झाले नाही : सरदाराची ढाल वाहणाऱ्याचा तो हुद्दा पुढे जमीनदाराचा झाला आणि शेवटी पाकिटावर कोणाच्याही नावामागे लागला, पण नाव झाला नाही.

यावर कोणी म्हणेल, १८५७च्या उठावात रावसाहेब पेशवे होतेच, मग इंग्रजांचा संबंध काय? आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. घरातले आदराचे संबोधन इंग्रजांनी उचलून त्यावर मोहोर उमटवली, म्हणून मोहोर गेल्यावरही ते टिकले. शिवाय जालना निजामाच्या राज्यात होते. निजामाचे ‘जंग’ आणि ‘दौला’ दरबारात राहिले, मराठी पाळण्यापर्यंत पोचले नाहीत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला तिथे अव्वल तालुकदार म्हणत, तर अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार. निजामी संपली, कलेक्टर आला आणि तो हुद्दा गेला. देशमुखांचे उलटे झाले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या १८६५च्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्ह्यांच्या नव्या रचनेने, त्यांच्याकडून वसुलीचे काम काढून घेतले, बदल्यात रुसूम, म्हणजे ठरावीक रोख हक्क, बांधून दिला. काम गेले तरी देशमुख हे आडनाव घराण्यात राहिले.

अशा नावांतून जुनी सरंजामी जपली जाते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशमुखीच्या बाबतीत तो मला मान्य आहे. पण आंबेडकरांना ‘बाबासाहेब’ कोणा व्हाइसरॉयने केले नाही, निजामाने तर नाहीच. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी ‘राव’ म्हटले नव्हते त्यांनी ते केले. राज्यघटनेच्या १८व्या कलमाने लष्करी व विद्याविषयक सन्मान सोडून किताब देण्याची मनाई केली ती राज्यसंस्थेला. आईबापांना ती लागू नाही.