वाचनालयात पुस्तक, लेखकाच्या घरी दारिद्र्य

धाराशिवच्या वाचनालयातून ‘फकिरा’ची एक प्रत शंभर जणांनी नेली, तरी लेखकाला मोबदला एकाच प्रतीचा. १९५९ ची ही कादंबरी अण्णाभाऊ साठेंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान दिले. लेखकाला काही नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गोरेगावात दारिद्र्यातच गेले. डेन्मार्क मात्र १९४६ पासून ग्रंथालयांतील पुस्तकांसाठी लेखकांना पैसे देते. ब्रिटनने १९७९ साली तसा कायदा केला. घरचे पोट भरलेल्यांनीच लिहायचे काय? श्रमिकाची लेखणी टिकवायची असेल, तर हा हक्क मागावाच लागेल. जयंतीला नुसते हार नकोत, श्रमाचे दाम द्या.

जय भीम!