वाळीत टाकलेल्यांच्या वाटा

यवतमाळहून वर्ध्याकडे निघाले की कळंब लागते. आजच्या प्रवाशाला ते चिंतामणीच्या देवळामुळे माहीत असते. अकबराच्या काळी मात्र वऱ्हाड सुभ्यातल्या एका ‘सरकार’चे ते ठाणे होते आणि ‘आईन-ए-अकबरी’त त्याची स्वतंत्र नोंद आहे. गोंड, बहामनी, मोगल, निजाम, नागपूरकर भोसले अशा अनेकांनी या मुलखावर हक्क सांगितला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे कळंबच्या काळ्या मातीतला सारा हिंगोलीच्या आणि एलिचपूरच्या छावण्या पोसू लागला. मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजांचा आणि गावात सत्ता पाटील-पांड्यांची, अशी ही गुंतागुंत.

अशा प्रदेशात एखाद्याने धर्म बदलला आणि गावाने त्याला वाळीत टाकले, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे?

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. मिशनऱ्यांच्या प्रवासांबद्दल आपल्याकडे दोनच चित्रे रंगवली जातात. एक गोऱ्या साहेबाच्या त्यागाचे, दुसरे धान्य वाटून माणसे बाटवणाऱ्या कारस्थानाचे. दोन्ही चित्रांत बाप्तिस्मा घेतलेला माणूस स्वतः कुठेच दिसत नाही. त्याचे हाल बाप्तिस्म्यानंतर सुरू होत, आणि त्याला प्रवचनापेक्षा विहीर, जमीन आणि कोर्टात उभा राहणारा साक्षीदार हवा असे.

मुंबईतले एक प्रकरण पाहावे. 13 सप्टेंबर 1843 रोजी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद जेमतेम बारा वर्षांचा होता. तोही रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी राहू लागला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाला बापाच्या ताब्यात दिले. मुलगा घरी आला, पण खरा पेच तेव्हाच सुरू झाला. मिशनऱ्याच्या घरी जेवलेल्या पोराला पंगतीत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने उभे राहिले, तर सनातनी मंडळींनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. ज्या मुलाचा बाप्तिस्माही झालेला नव्हता त्याच्या वाट्याला हे आले. थोरल्याला घर कायमचे बंद झाले होते, हे वेगळे सांगायला नको.

हाच थोरला भाऊ पुढे जालन्याला गेला. 1860च्या दशकाच्या आरंभी जालना निजामाच्या राज्यात होते आणि गावाला लागून इंग्रजी छावणी होती. नारायणरावांच्या मिशनकडे वळले ते मुख्यतः आसपासच्या खेड्यांतले मातंग. गावगाड्यात त्यांचे काम जन्माने ठरलेले. देवीच्या जत्रेत वाजवायचे, सण-समारंभात ठरलेली सेवा द्यायची आणि त्याबदल्यात बलुते घ्यायचे. बाप्तिस्म्यानंतर देवाची कामे करणे जमेना आणि कामे सुटली की बलुतेही सुटे. नगर भागातल्या महार ख्रिस्तींचा अनुभवही असाच होता. गावाला मारहाण करायचीसुद्धा गरज नसे. धान्याचा वाटा अडवला, जळणाला आणि पाण्याला मज्जाव केला, की माणूस आपोआप गुडघ्यावर येई.

इंग्रजी मुलखात निदान कायद्याचा आधार होता. 1850च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सुटली म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असे ठरवले. 1866च्या कायद्याने धर्मांतरितांच्या विवाहाचा प्रश्न हाताळला: बायको किंवा नवरा सोडून गेला, तर कोर्टात जाता येई आणि शेवटी फारकत मिळे. पण वारसा मिळायला मुळात बापाच्या नावावर काही असावे लागते. ज्याच्या मालकीचे घोंगडे आणि डफ एवढेच, त्याला वारसाहक्काचा उपयोग किती? शिवाय हे कायदे निजामाच्या हद्दीत चालत नव्हते.

नारायण शेषाद्रींनी यावर शोधलेला तोडगा धर्मोपदेशकापेक्षा एखाद्या मुरब्बी कारभाऱ्याला शोभणारा होता. त्यांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे ख्रिस्ती कुटुंबांचे ‘बेथेल’ नावाचे गाव वसवले. एका ब्राह्मणाने, स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने, मुसलमान दिवाणाकडून मातंगांसाठी जमीन मागितली! गावगाड्याने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी गावगाड्याबाहेर नवे गाव. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही ते भाषण करायला गेले होते. पागोटे घातलेला हा हिंदी पाद्री अमेरिकेत कुतूहलाचा विषय झाला. एरवी साहेब इकडे येई. इथे मराठी माणूस त्या वाटेने उलटा गेला.

वेगळे गाव हा उपाय निर्दोष मात्र नव्हता. माणूस पाटलाच्या धाकातून सुटे, पण मिशनच्या छत्राखाली येई. शेजारपाजार तुटे, ‘ते मिशनवाले’ हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या टिके. जाचातून सुटकेसाठी मोजलेली ही किंमत थोडी नव्हती.

कळंब-यवतमाळ भागात मिशन आले ते उशिरा आणि वेगळ्या वळणाने. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपे 1881 मध्ये हिंदुस्थानात आले आणि आधी बऱ्हाणपूरकडे राहिले. त्यांच्या फ्री मेथडिस्ट पंथाने शतकाच्या शेवटच्या दशकात यवतमाळला बस्तान बांधले. शेजारच्या अकोला-अमरावतीत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसे काम करत होती. यवतमाळला तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई-नागपूर मार्गावर धामणगावला उतरायचे आणि पुढे बैलगाडी किंवा टांगा. मुर्तिजापूरहून येणारी छोटी गाडी पुढे विसाव्या शतकात सुरू झाली. जिल्ह्याचे नावही तेव्हा वणी होते. ‘यवतमाळ’ झाले ते 1905 मध्ये.

त्या काळी मिशनच्या फेऱ्या हिवाळ्यात निघत. पावसाळ्यात काळ्या चिकणमातीत गाडीचे चाक रुतून बसे. तंबू, भांडी, पुस्तके गाडीवर लादायची, आमराईत मुक्काम टाकायचा आणि आठवडी बाजार गाठायचा. सोबत एखादा मराठी उपदेशक असायचाच, कारण साहेबाचे मराठी ऐकून लोक हसत. फेरीचा निम्मा वेळ उपदेशात जाई आणि उरलेला चौकशीत: अमक्याला विहिरीवर जाऊ देतात का, तमक्याच्या पोराला शाळेत बसवतात का. मग 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. मिशनच्या आवारात अनाथ मुले भरली. त्यांना कोणी मन वळवून आणले नव्हते. भुकेने आणले होते. टीकाकारांनी त्यालाच आमिष म्हटले. तो आक्षेप आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. पण त्या वर्षांत त्या पोरांच्या तोंडात घास दुसरे कोण घालत होते, हेही विचारायला हवे.

स्वातंत्र्यानंतर यवतमाळचा पल्ला एकाएकी लांबला. 1953 मध्ये तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून पाद्री होऊ पाहणारी मुले या कापूस-बाजाराच्या गावात राहून शिकू लागली. तीस वर्षांनी, 1983 मध्ये, ही संस्था पुण्याला गेली.

सेमिनरीला वर्षही झाले नव्हते, तोच त्याच रस्त्यांवर वेगळाच ताफा फिरू लागला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. आदिवासी ख्रिस्तींना स्थानिक अधिकारी आणि गावकरी त्रास देतात, ही मिशनऱ्यांची तक्रार. मिशनरी पैसा, शाळा आणि दवाखान्याच्या जोरावर धर्म बदलवतात, ही दुसऱ्या बाजूची. तिथल्या मुख्यमंत्री शुक्लांच्या सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत फिरून अकरा हजारांवर लोकांची गाठ घेतली. कॅथलिकांनी मध्येच सहकार्य थांबवून उच्च न्यायालय गाठले. 1956 च्या अहवालाचा रोख मिशनऱ्यांवर होता. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस त्यात होती. अहवाल वाचताना मिशनच्या पैशाचा हिशेब पानोपानी भेटतो. पाणवठ्यावरून हाकललेल्या ख्रिस्ती माणसाची कैफियत मात्र शोधावी लागते.

अहवाल छापून काही महिने उलटले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मध्य प्रदेशाने या अहवालाच्या वाटेने जाणारा धर्मस्वातंत्र्य कायदा 1968 मध्ये केला. कळंब तेव्हा महाराष्ट्रात होते.