उलटं सीट

पॅरिसमध्ये ‘वेलिब’ या सार्वजनिक सायकलसेवेच्या सायकलीचं सीट उलटं फिरवलेलं दिसलं, की ती नादुरुस्त आहे असं समजायचं. हा नियम चालकांनी आपसात ठरवलेला. पंक्चर, निसटलेली साखळी, न लागणारा ब्रेक, या सगळ्यासाठी खूण एकच.

15 जुलै 2007 रोजी, सुमारे 750 स्थानकं आणि 10,000 सायकलींसह ही सेवा सुरू झाली. त्याआधी 2005 मध्ये लिऑननं हाच प्रयोग केला होता. जुनी करड्या रंगाची वेलिब तीन गिअरची, पुढं टोपली असलेली आणि 22 किलोंहून जड. मोंमार्त्र टेकडीचा चढ म्हणजे घामाघूम. त्यामुळे लोक वरून खाली सायकलनं येत, वर मात्र मेट्रोनं जात. रिकाम्या झालेल्या वरच्या स्थानकांवर सायकली पोचवायला गाड्या धावत.

जानेवारी 2018 मध्ये ठेकेदार बदलला. आता साध्या सायकली हिरव्या, बॅटरीवाल्या निळ्या. हँडलवर छोटा पडदा, आणि जागा भरलेली असली तरी दोन सायकलींच्या मध्ये तिसरी अडकवायला केबल. कागदावर सगळं झकास! प्रत्यक्षात स्थानकांची वीजजोडणी रखडली. चार्जिंगअभावी निळ्या सायकली ढेपाळल्या आणि वर्गणीदार भडकले.

गाडी रुळावर आली तशी निळीची चटक लागली. मोटरची मदत ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मिळते, पण चढावर तेवढी पुरे. सुरुवातीला ताफ्यात जेमतेम 30 टक्के असलेला निळ्यांचा वाटा पुढं 40 टक्क्यांवर न्यावा लागला. पडदे आले, बॅटऱ्या आल्या. बिघाड सांगायला लोक अजूनही सीटच फिरवतात.