३०० वर्षं 'नामशेष' समजला गेलेला काहाव पक्षी पुन्हा कसा वसला?

काहाव हा फक्त बर्म्युडात अंडी घालणारा समुद्रपक्षी. माणसांनी केलेली शिकार आणि त्यांच्यासोबत आलेल्या डुकरं-उंदरांमुळे तो १६२० च्या दशकातच संपला, असं मानलं जात होतं. मात्र २८ जानेवारी १९५१ रोजी एका शोधपथकाला तो छोट्या खडकांवर जिवंत सापडला. पथकात १५ वर्षांचे डेव्हिड विंगेट होते. पुढे त्यांनी याच पक्ष्यासाठी आयुष्य वाहिलं.

अडचण काय होती?
काहाव मातीत बीळ करतो, पण खडकांवर माती नव्हती. तो कपारींत राहायचा आणि तिथे आकाराने मोठे ट्रॉपिकबर्ड घुसून त्याची पिल्लं मारायचे. म्हणून कपारींच्या तोंडाशी फक्त काहाव आत जाईल एवढ्या भोकाच्या फळ्या बसवल्या गेल्या. विंगेट यांनी सिमेंटची बिळंही बांधली.

मग झाडं कशाला लावली?
१९४० च्या दशकात किडीने बर्म्युडातले बहुतेक देवदार मारले होते. सुमारे ६ हेक्टरच्या नॉनसच बेटावर विंगेट १९६२ मध्ये राहायला गेले आणि त्यांनी हजारो स्थानिक झाडं लावली. काहावला एक दिवस सुरक्षित घर मिळावं, हा हेतू होता.

पुढे काय झालं?
२००३ च्या फेबियन वादळात खडकांवरची घरटी उद्ध्वस्त झाली. पक्षी जिथून पहिल्यांदा उडतो, तिथेच परततो. त्यामुळे २००४ पासून पिल्लं नॉनसचवर आणली गेली. २००९ मध्ये तिथे पिल्लू जन्मलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फक्त १८ जोड्या होत्या, आता दीडशेहून अधिक आहेत.