लिटमसचं कूळ

लिंबाच्या रसात बुडवलेली निळी पट्टी तांबडी होते, हा शाळेतला प्रयोग कुणी विसरत नाही. त्या पट्टीचं कूळ मात्र आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांत आहे. दगडफूल म्हणजे शैवाक: बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. शैवल उन्हावर अन्न शिजवतं, घर बुरशीचं. आणि ज्यातून रंग निघतो ती आम्लंही बुरशीच बनवते.

भूमध्य समुद्राकाठच्या खडकांवर रोसेला नावाचं राखाडी, झुपकेदार शैवाक वाढतं. हातात घेतलं तर रंगाचा मागमूस नसतो. रंगारी ते दळून शिळ्या मुतात भिजत घालत आणि रोज ढवळत. मुतातला अमोनिया आणि हवेतला प्राणवायू यांनी काही आठवड्यांत भांड्यात गर्द जांभळा रंग उतरे. हाच ऑर्चिल. फ्लॉरेन्सचं एक घराणं या रंगावर इतकं वर आलं, की त्याचं ‘रुचेलाई’ हे आडनावच रंगाच्या नावावरून पडलं. तिथल्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या दर्शनी भागाचा खर्च जोव्हान्नी रुचेलाईने उचलला. आजही त्यावर 1470 या सालासोबत त्याचं लॅटिन नाव ठळक अक्षरांत वाचता येतं: ‘ओरिचेल्लारिउस’. घराण्याचा धंदा असा थेट देवळाच्या भिंतीवर कोरला गेला.

पुढे हॉलंडमध्ये याच आंबवणीत चुना आणि पोटॅश घालून निळा रंग काढू लागले. खडू मिसळून त्याच्या वड्या विकत. तो लिटमस. नावाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे: ‘लित्र’ म्हणजे रंग, ‘मोसी’ म्हणजे शेवाळ.

कापडावर हा रंग कच्चा. उन्हात विटे, आंबट लागलं की तांबूस पडे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्याच जातीची ही खोड. रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये वनस्पतींच्या रंगांची अशी पालट नीट नोंदवली, आणि रंगाऱ्याची अडचण रसायनशास्त्राची कसोटी झाली. सामू 4.5च्या खाली गेला की लिटमस तांबडा, 8.3च्या वर गेला की निळा.

ऑर्चिलमधलं ऑर्सीन आजही कामात आहे. कॉलेजात कांद्याच्या मुळाचं टोक त्यात रंगवून काचपट्टीवर दाबतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं उठून दिसतात.